विषय क्रमांक नऊ

उद्यमनगरात सकाळचा आवाज कमी झाला
की पेपरच्या आधी मला कळतं.
माझ्या पिशवीत पिग्मीचं मशीन आहे,
मशीनच्या पोटात दोनशे बारा नावं.
रोज वीस, रोज पन्नास, पगार झाला की शंभर.
दिवाळीपासून नावं आहेत, आकडे नाहीत.

आधी कोअर शॉप बंद झालं.
मग रात्रपाळी गेली.
मग चहावाल्या आप्पालालनं दुसरा स्टोव्ह विकला,
तेव्हा समजले, हे महिन्या-दोन महिन्यांचं नव्हे.

दस्तगीर शिकलगार. मोल्डर. एकोणीस वर्षं.
वाळू मुठीत दाबून सांगायचा, पाणी किती झालंय.
गेटवर त्याला पाकीट दिलं, वर म्हणाले,
"तेजी आली की बोलवतो की."
आता दारात उभा राहतो, मुठी उघडझाप करत.
"वैनी, आज न्हाई."
"असू दे."
दुसऱ्या दिवशी मशीन पुन्हा त्याचंच नाव दाखवतं.

खातं मोडायचं म्हणाला
तेव्हा मी नियम वाचून दाखवला.
पाठ आहे, तरी वाचून,
म्हणजे तो बँकेचा वाटावा, माझा नव्हे:
वर्षाच्या आत मोडलं तर व्याज नाही,
वरून शेकडा तीन कपात.
"माझंच पैसं?"
एवढंच म्हणाला.
त्याच्यावर मिळालेलं कमिशन
माझ्याकडूनही परत कापून घेतात,
हे मी सांगितलं नाही.

रविवारी बँकेची वार्षिक सभा.
फेटे, हार, अहवालाचं गुळगुळीत पुस्तक.
विषय क्रमांक आठ:
मंदी लक्षात घेता पिग्मी एजंटांचं कमिशन
शेकडा तीनवरून दोन.
मंजूर.
विषय क्रमांक नऊ:
मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या वेतनात वाढ,
कारण चांगली माणसं टिकवावी लागतात.
मंजूर, मंजूर.
मागून एकानं घास तोंडात ठेवूनच मंजूर म्हटलं.

मी हात वर केला होता.
माईक पहिल्या रांगेत फिरत होता,
आमच्या रांगेपर्यंत त्याची वायर पुरत नव्हती.
शेजारी सन्मती बसलेला, काउंटरवरचा,
अकरा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर.
दिवसाला तीस-चाळीस लाख मोजतो
आणि पेट्रोलला माझ्याकडून शंभर उसने नेतो.
तो म्हणाला, "ताई, हात खाली घ्या,
साहेब बघत्यात."
घेतला.
मसालेभात चांगला होता.
दोनदा वाढून घेतला, खोटं कशाला बोलू.

सोमवारी शिकलगारचं दार बंद.
आत टीव्ही चालू.
मी कडी वाजवली नाही.
पिशवीतले माझेच दहा रुपये त्याच्या नावावर टाकले,
पावती निघाली, खाली छापलेलं धन्यवाद,
ती कडीत अडकवून पुढं गेले.
दहा रुपयांवर माझं कमिशन वीस पैसे.
दया म्हणा.
किंवा खातं जिवंत राहिलं
तर माझी कपात टळते, असं म्हणा.
चालताना मलाही नीट लागेना,
यातलं आधी काय सुचलं होतं.

संध्याकाळी फोन.
"वैनी, पावती आलीया. मी तर कायबी दिलं न्हाई."
"मशीन चुकलं असंल."
"मशीन कुठलं चुकतंय," म्हणाला,
आणि बराच वेळ फोन ठेवला नाही,
बोललाही नाही.

मंगळवारी मी गल्लीत शिरायच्या आधीच
तो कोपऱ्यावर उभा होता.
पाच-पाचची दोन नाणी.
मी नको म्हणणार होते,
म्हटलं नाही.
घेतली.
गरम होती,
घरापासून मुठीत दाबून आणल्यासारखी.